वरच्या सपाटीवरची चूल

रानात मुक्कामाची जागा कशी निवडावी, यावर मी तासभर बोलू शकेन. पण कुणी विचारू नये असंच वाटतं. गाड्या कुठं सोडाव्यात, चूल कुठं मांडावी, बैल कशाला बांधावेत, हे सगळं मला आप्पांनी शिकवलं. ते शिकूनसुद्धा मी एका भल्या माणसाचं वाटोळं केलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या दोन गाड्या होत्या, एक त्यांची, एक माझी. लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेना, मोटारी जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि बैलगाड्यांना पुन्हा दिवस आले. निपाणीत तंबाखूची पोती भरायची, बेळगावात खासबागेजवळ बैलांना एक दिवस विसावा द्यायचा आणि मग पश्चिमेची वाट धरून राखीव जंगलातून घाट उतरायचा. येताना नारळ आणि मीठ. जंगलात दोन मुक्काम पडत. तिथं आपल्या मनाला येईल तिथं गाडी सोडता येत नसे. चौकीवरच्या गार्डाकडून चिठ्ठी घ्यायची, त्यानं सांगितलेल्या तळावरच उतरायचं, पडलेलं लाकूड तेवढं जाळायचं, उभ्या झाडाला हात लावायचा नाही.

कायदा एवढाच होता. आप्पांचा कायदा त्याहून मोठा. नेमलेल्या तळावरही ते पाच-सहा जागा बघत. बांबूच्या बेटाखाली नको, तिथं वाळका पाला वीतभर साठलेला असतो. कोरड्या ओढ्यात नको, वर कुठं पाऊस झाला तर खाली पत्ता लागत नाही. जनावरं पाण्याला उतरतात ती वाट अडवायची नाही, आणि झऱ्यापासून चाळीस पावलांच्या आत खरकटं सांडायचं नाही, कारण आपल्यामागून येणारा तेच पाणी पिणार. मी दमलेला असे, वैतागून म्हणे, "आप्पा, पोरगी बघाय आल्यागत काय बघताय?"

"पोरगी पसंत न्हाय पडली तर घरला जाता येतंय," ते म्हणत. "हितं रात काढायची हाय रं."

चूल विझवायचं कामही त्यांचंच. आमच्याकडं पेटत्या चुलीत पाणी ओतत नाहीत. घरातलं माणूस गेलं तरच चूल अशी थंड होते, एरवी राखेखाली निखारा झाकून ठेवायचा, ही आमची रीत. जंगलाचा नियम नेमका उलटा, पाणी ओतल्याशिवाय तळ सोडायचा नाही. आप्पांनी दोन्हीतून वाट काढली होती. ते एकेक निखारा चुलीबाहेर काढून मातीवर ठेवत, तिथं त्याच्यावर पाणी घालत आणि मग चुलीतली राख पसरून तिच्यावर उलटा हात टेकवून बघत. त्याला वेळ लागे. मागचे गाडीवान ओरडत, पण आप्पा घाई करत नसत.

त्या चैत्रात आई मुदतीच्या तापानं पडली होती. माल भरून झाला होता, थांबता येईना, म्हणून आत्तीला तिच्याजवळ बसवून आम्ही निघालो. चौकीवरचा गार्ड खानापूरकडचा म्हातारा माणूस होता. आम्ही त्याला मामा म्हणायचो. आईचं ऐकून त्यानं लिहायला घेतलेली चिठ्ठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "खालच्या तळाचं पानी आटलंय, आप्पा. वरच्या सपाटीला झरा हाय. उन्हाळ्यात ती जागा बंद असतीया, पर तितनं गेलासा तर जाता-येता अर्धा अर्धा दिस वाचंल. जावा. फकस्त इस्तू नीट विझवा. माझ्या शब्दावर सोडतोय."

वरची सपाटी चांगली होती. सकाळी आप्पांच्या बैलाचा नाल निघाला. ते त्याचा खूर धरून बसले आणि तिथूनच म्हणाले, "आज चुलीचं तू बघ."

मी पाण्याचा तांब्या घेऊन चुलीपाशी गेलो. निखारा बाहेर काढायला लाकूड उचललं आणि हात पुढं जाईना. निखाऱ्यावर पाणी पडलं की चर्र आवाज होतो. तो आवाज आज आपल्या हातानं करायचा नाही, एवढंच मनात आलं. आई तिकडं तापात पडलेली, आणि मी इथं तिच्या नावानं विस्तव विझवू? मी राख ओढून निखारे झाकले, वर एक चपटा दगड ठेवला. तांब्यातलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकलं.

"वतलंस न्हवं पानी?" आप्पांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

आयुष्यात मी बरंच खोटं बोललोय, बाजारात तर रोजच. पण हे एकच खोटं मला आजही ऐकू येतं.

पाचव्या दिवशी आम्ही घाट चढून परत आलो. वळणावरच जळका वास आला. वरची सपाटी काळी पडली होती, आणि तिच्यामागचा अख्खा उतारही. उताराखालच्या गवळ्यांच्या वाडीनं म्हशींसाठी राखलेलं सगळं गवत गेलं होतं. माणूस मेलं नव्हतं, देवाची दया. आप्पा गाडीतून उतरले, चुलीच्या तीन दगडांपाशी जाऊन उभे राहिले. चपटा दगड बाजूला सरकला होता, रानडुकरानं की वानरानं कुणास ठाऊक. मग परत गाडीत जाऊन बसले.

चौकीवर नवा गार्ड होता. मामा कुठं गेला विचारलं, तर म्हणाला, "म्हाताऱ्याला काढला. त्यानंच लिवून दिलं, माझ्या बिडीनं आग लागली म्हनून."

आप्पा खाली बसले. "त्यो बिडी वढतच न्हाय," ते हळू म्हणाले. नव्या गार्डाला ते ऐकू गेलं नाही.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली. "मागारी जाऊ या. सांगू या आमची चूल हुती म्हनून." मी म्हणालो, त्यानं लिहून दिलंय, आता आपण सांगून काय उपयोग, आणि तिकडं आई कशी आहे ते तरी आधी बघू. आप्पांनी कासरा हातात घेतला. मग त्यांनी बैल हाकले. त्यांना मागं फिरू दिलं नाही ते मीच. भित्रेपणाला आईचं नाव दिलं की कुणी बोट ठेवू शकत नाही.

घरी आलो तर आई उंबऱ्याशी उन्हात बसून तांदूळ निवडत होती. हाडं निघाली होती, पण ताप उतरला होता. मला रडू आलं. आणि खरं सांगतो, पहिला विचार आला तो मामाचा नव्हता. निखारा जिवंत ठेवला म्हणून ही उठली, असं मला वाटलं. मी शिकलेला माणूस नाही, पण इतका अडाणीही नाही. तरी तो विचार अजून पुरता गेलेला नाही, आणि म्हणूनच मला धड पश्चात्तापही करता येत नाही.

वर्षानं मी एकटाच मामाचं गाव शोधत गेलो. कबुली द्यायची असं ठरवून गेलो होतो. तो गावातल्या लोकांची गुरं राखत होता. नुकताच परतून पडवीत टेकला होता, पायाला चिंधी बांधलेली. मला बघून तो हसला आणि आधी विचारलं, "आई हाय न्हवं?"

"हाय. बरी हाय."

त्यानं वर बघून हात जोडले. "मग मी बराबर लिवलं. राखेवरचा त्यो दगूड बघितला तवाच वळकलं मी. घरात दुखनं असल्यावर मी बी पानी वतलं नसतं. तुमास्नी धरून नेलं असतं, तर तिकडं तिच्यापाशी कोन गेलं असतं रं?"

मी त्याच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. वाडीच्या म्हशी त्या उन्हाळ्यात कशावर जगल्या, हे तरी विचारायला हवं होतं. त्याच्या सुनेनं चहा आणून दिला, तो प्यालो आणि उठलो.

अंगणाबाहेर पडलो, तेव्हा शेजारीण कुंपणाआडून मामाच्या सुनेला सांगत होती, की चहाला उसना नेलेला गूळ परत देऊ नकोस, पोरांच्या तोंडाला तरी थोडा राहू दे.