समुद्राचं आवर्तन

रतनबाईंना सगळं कोकण पाण्यावरून ओळखू यायचं. समुद्राच्या नव्हे, पिण्याच्या. अलिबागच्या लॉजमागचा नळ सकाळी जोरात येतो आणि दुपारी करंगळीएवढा होतो. दिवेआगरच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजता शिजत नाही. हरिहरेश्वराला पाणी चांगलं पण वारा वाईट. शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्रे लावले तरी जाळ आडवा पडतो.

राहात्याचा राधाकृष्ण स्वतःच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून कोकण दर्शनाच्या सहली न्यायचा. आपल्याकडची माणसं म्हणजे निम्मी माळकरी. ज्या चुलीवर मासा शिजतो, तिच्यावरचा चहासुद्धा त्यांना चालत नाही. उरलेल्यांना सगळं चालतं, पण तिसऱ्या दिवशी ताटात पुन्हा भात दिसला की त्यांचे चेहरे उतरतात. म्हणून मागच्या सीटखाली शेगडी, पातेली आणि बाजरीच्या पिठाचा डबा असायचा, आणि पुढं राधाकृष्णच्या शेजारी रतनबाई.

गाडी थांबली की माणसं बघायला जायची आणि रतनबाई सावली बघायच्या. सावली सापडली की पाणी. पाणी सापडलं की पीठ मळायला बसायचं. माणसं परत यायची ती भुकेजलेली, उन्हानं लाल झालेली, आणि जेवता जेवता बोलायची. तोफ केवढी होती, होडी कशी डुलली, कुणाची सून घाबरून सासऱ्याच्याच हाताला धरून बसली. रतनबाई तव्यावरची भाकरी उलटत सगळं ऐकायच्या. घरी आल्यावर चाळीतल्या बाया विचारायच्या, "काय पाह्यलं गं?" मग रतनबाई सांगायच्या. इतकं बारीक सांगायच्या की बायांना पायाखाली होडी हलल्यासारखी वाटायची. त्या स्वतः कधी होडीत बसलेल्या नव्हत्या, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यांचे गुडघे आधीच गेलेले होते. लग्न झाल्यापासून कितीतरी हंगाम त्या नवऱ्याबरोबर, गोरक्षनाथबरोबर, पाथर्डीकडून ऊसतोडीला गेल्या. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. ती फळी गुडघ्यांनी लक्षात ठेवली. पुढं गोरक्षनाथला राहात्याजवळ एका पेरूच्या बागेवर राखणीचं काम मिळालं आणि दोघं तिथंच राहिली. तो गेला. रतनबाई लग्नाकार्यात पोळ्या लाटू लागल्या, आणि तिथून राधाकृष्णच्या गाडीत आल्या.

या हिवाळ्यात गाडी धुता धुता राधाकृष्ण म्हणाला, "मावशी, पुढच्या सीझनपासून शाकाहारी हॉटेलं ठरवलीत. आता लोकं जिथं जातील तिथंच जेवतील. तुमालाबी किती दगदग."

"बरं," रतनबाई म्हणाल्या.

त्यांना खरंच बरं वाटलं होतं. रात्री पाय उशीवर ठेवून झोपायचं, सकाळी भिंतीला धरून उठायचं, याचा कंटाळा आला होता. एकच गोष्ट मनात राहिली होती. अलिबागला त्यांची चूल ज्या सुरूच्या झाडांखाली असायची, तिथून समोर पाण्यात किल्ला दिसायचा. इतकी वर्षं तो त्यांनी शेगडीच्या आचेतून पाहिला होता, थरथरणारा. एकदा त्याच्या आत जायचं होतं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नव्हतं.

शेवटची सहल घोडेगावच्या लोकांची निघाली. रामहरी म्हणून जनावरांच्या बाजारातला व्यापारी होता. त्यानं भाऊबंद जमवले आणि आई बनुबाईला पुढं घातलं. रामहरीला बाकी कशात रस नव्हता. त्याला जंजिरा बघायचा होता. तोफेला हात लावून फोटो काढतो, असं तो सगळ्या बाजाराला सांगून आला होता. वाटेत त्यानं राधाकृष्णला इतक्या वेळा जंजिरा विचारला की बनुबाई म्हणाली, "आरं, जंजिरा काय गाभन म्हस हाय का, आज इकली तर उद्या गावायची न्हाई?"

अलिबागला पोचले तेव्हा ओहोटी होती. समुद्र मागं सरकून किल्ल्यापर्यंत वाळू उघडी पडली होती. माणसं चालत आणि घोडागाडीतून जात होती. सगळे गेले, आले, जेवले. भरीत, भाकरी, ठेचा. रतनबाईंनी रोजच्यापेक्षा लवकर तवा उतरवला आणि पदराला हात पुसले.

"राधाकृष्ण, मी जरा त्या किल्ल्यात जाऊन येते."

राधाकृष्ण काच पुसत होता. "कोन? तुमी?"

"मगं कोन."

"आन् गुडघे?"

"तेबी येतील की संगं."

तो हसला. इतक्या वर्षांत बाईंनी काही मागितल्याचं त्याला आठवेना. "जा. पन बिगीबिगी या. घोडागाडीवाला म्हनत हुता, दोनच्या म्होरं पानी भरतंय. मुरूडला शेवटची होडी गावली पायजे, न्हाईतर ह्यो रामहरी मला तोफंच्या तोंडी देईल."

"भांडी ऱ्हाऊ दे," बनुबाई म्हणाली. तिनं लुगडं खोचलं होतं. "म्या घासते. घरी सुना घासत्यात, माझे हात इसरलेत. बघू आठवतंय का."

रतनबाई निघाल्या. वाळू ओली आणि घट्ट होती, कुळवून ठेवलेल्या रानासारखी बारीक वळ्यांची. चालायला सोपी. अर्ध्या वाटेवर परतणारा घोडागाडीवाला भेटला. तो गाडी हळू करून म्हणाला, "मावशी, आता कुठं? पाणी फिरलंय."

"आले लगीच," त्या म्हणाल्या.

त्यांनी त्याचं ऐकलं नाही असं नाही. ऐकलं. पण पाणी येणार म्हणजे काय, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. राहात्याची ती बाग कालव्याच्या शेवटच्या टोकाला होती. टेलला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सोमवारी सुटणार असं जाहीर व्हायचं, आणि सोमवार कोरडाच जायचा. वरचे लोक पाणी अडवायचे, दारं तुंबायची. गोरक्षनाथ खोरं घेऊन चारीवर, बागेत येणाऱ्या पाटावर, बसून राहायचा. पाणी सांगितलेल्या वेळी आलंय, असं एकदाही झालं नव्हतं. आणि यायचं तेव्हा ते दिसायचं. आधी कोरड्या चारीत पाचट सरकायची, मग फेस, मग पाण्याचं तोंड. तहानलेली जमीन चुरचुरायची. पाणी एका बाजूनं येतं आणि येताना आवाज करतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, आणि आजवर ते चुकलं नव्हतं.

किल्ल्याच्या दारातून त्या आत गेल्या. झाडं होती. गणपतीचं देऊळ होतं, त्याच्याजवळ तळं आणि एक विहीर. चोहीकडं खारं पाणी आणि मध्ये हे गोडं. त्यांनी विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायलं. डाळ शिजेल, असं पहिल्यांदा मनात आलं. मग स्वतःशीच हसून त्यांनी तोंड धुतलं.

पायऱ्या चढायला वेळ लागला. एकेक पायरी, आधी उजवा पाय, मग त्याच्याशेजारी डावा. तटावर पोचल्या आणि समुद्राकडं तोंड करून बसल्या. मोठ्या समुद्राकडं, जिकडून पाणी येणार होतं तिकडं. त्या राखणीला बसल्यासारख्याच बसल्या होत्या. पाण्याचं तोंड दिसलं की उठायचं.

समोर काही नव्हतं. म्हणजे पाणी होतं, पण ते जिथल्या तिथं होतं. लांब एक जहाज होतं, तेही हलत नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला तिखट जास्त झालं नव्हतं. रतनबाईंनी पाय लांब केले. थकवा अंगातून उतरत नाही, तो फक्त बसतो. तसा तो बसला. त्यांनी पाण्याचं तोंड शोधलं. दिसलं नाही. अजून वेळ आहे, त्यांना वाटलं.

समुद्राला तोंड नसतं. तो वळसा घालून येतो. किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी तो केव्हाच मागं गेला होता. जिथं वाळू खोलगट होती तिथं आधी भरला, आवाज न करता, फेस न काढता. रतनबाई उठून मागं वळल्या तेव्हा वाट नव्हती. ज्या वळ्यांवरून त्या चालत आल्या होत्या तिथं हिरवट पाणी होतं, आणि पलीकडं किनारा.

देवळापाशी फुलं विकणारी बाई टोपली आवरत होती. "राहिलात का?" ती म्हणाली. "आता होडीच. पण होडीला अजून पाणी कमी पडतं. चार तरी वाजतील."

"चालत न्हाई का जमायचं?"

"मध्ये गळ्याएवढं आहे. आणि ओढ."

रतनबाई पुन्हा तटावर गेल्या. आता त्या किनाऱ्याकडं तोंड करून बसल्या. सुरूची झाडं दिसत होती. त्यांच्याखाली गाडी, काड्यापेटीएवढी. गाडीच्या बाजूला एक काळा ठिपका होता आणि त्याच्यापाशी वाकलेलं कुणीतरी. बनुबाई. अजून तवाच घासत होती. चूल इतकी लहान असते हे रतनबाईंना माहीत नव्हतं. मग पाण्याच्या कडेला एक माणूस आला आणि दोन्ही हात वर करून हलवू लागला. राधाकृष्ण असणार. त्यांनी हात हलवला नाही. हात हलवून काय सांगणार.

होडी येईपर्यंत त्या तिथंच बसून होत्या. मागं सगळा किल्ला होता, बुरूज, तोफा, आणि वेळ तर हवा तेवढा. त्या उठल्या नाहीत. त्यांना जंजिऱ्याची शेवटची होडी दिसत होती, जी तिथून दिसण्यासारखी नव्हती.

होडीतून उतरताना लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. राधाकृष्णनं हात दिला. रामहरी गाडीला टेकून उभा होता.

"मावशी," तो म्हणाला, "सगळ्या बाजाराला सांगून आल्तो म्या."

"चुकलं माझं," रतनबाई म्हणाल्या.

"मान्सानं दोन म्हनलं म्हंजी दोनला यावं का न्हाई?"

"मला वाटलं, पानीच हाय. येईल दोन-चार दिसानं."

रामहरीनं त्यांच्याकडं पाहिलं. "म्हंजी?"

"कालव्यावानी," त्या म्हणाल्या. "आवर्तन सुटलं म्हनत्यात आन् पानी काय येत न्हाई. म्या तोंड यायची वाट बघत हुते."

"रान कुठं तुमचं?"

"आमचं न्हाई. राखनीला हुतो. राहात्याच्या खाली."

"टेलला?"

"व्हय. टेलला."

रामहरीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "मगं बरूबर हाय," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. "आमीबी टेललाच हाय. चला."

बनुबाई हसली. तिच्या कोपरापर्यंत काजळी होती.

मुरूड गाठलं तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. होड्या बंद झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे हरिहरेश्वर गाठायचं होतं, तिथला भक्तनिवास आधीच ठरलेला. राधाकृष्णनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पाण्यात जंजिरा होता. काळा, बसका. रामहरीनं मोबाईलमध्ये फोटो काढला, बघितला आणि मोबाईल खिशात टाकला. फोटोत अंधार आला होता.

रतनबाई गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या. उतरायचं बळ नव्हतं. बनुबाई येऊन शेजारी टेकली.

"तू तर लई येळा आलीस हितं. सांग की, आत काय हाय."

रतनबाईंनी किल्ल्याकडं पाहिलं आणि सांगायला लागल्या. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. वाटतं, आता भिंतीलाच धडकणार. मग एकदम दोन बुरुजांच्या मधून तो उघडा पडतो. भिंतीवर एक वाघ कोरलाय, त्याच्या पंजांत हत्ती आहेत, बारकुल्या पोरांसारखे. वर तोफा. भर उन्हात हात लावला तरी एक तोफ तापत नाही म्हणतात. आणि एवढ्या खाऱ्या पाण्यात आत गोड्या पाण्याचं तळं, पायऱ्या उतरून जायचं. सांगताना त्यांचा आवाज हळूहळू मोकळा झाला. एकेक जण गाडीच्या मागून पुढं आला. रामहरीही आला आणि उकिडवा बसला.

"तोफ केवढी म्हनायची?" त्यानं विचारलं.

"तुमी आडवं झोपला तर तुमच्याहून लांब."

"आन् तोंड?"

"घागर जाईल."

तो मान हलवत राहिला. बाजारात काय सांगायचं, ते बहुतेक मनाशी जुळवत होता.

अंधार पडायला आला. समोरचा किल्ला पाण्याच्याच रंगाचा झाला. बनुबाईनं कोपरानं ढोसलं. "आन् तुझा? अलिबागचा? आज एवढा येळ बसलीस तिथं. त्यो कसा हाय?"

रतनबाई बोलायला गेल्या. जंजिऱ्याचं सगळं जिभेवर होतं, लोकांच्या तोंडून आलेलं. याचं काहीच नव्हतं. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"तिथनं आपली गाडी दिसती," त्या म्हणाल्या.

मग भिंतीला धरावं तसं गाडीच्या दाराला धरून त्या उठल्या, आणि सीटखालचा पिठाचा डबा पुढं ओढला. संध्याकाळच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या.