अक्कासाठी जाड रेघ
अपूर्णांकातली आडवी रेघ किती जाड असावी, याचा विचार कुणी शहाणं माणूस करत नाही. मी करते, कारण माझं पोट त्यावर चालतं. सोलापुरात भवानी पेठेतल्या घरात, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून मी गणिताच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करते. ही रेघ आपोआप येते, अगदी बारीक. फाइलच्या सुरुवातीला एक आकडा बदलला की पुस्तकभरच्या रेघा एकदम जाड होतात. पण तो आकडा मी कधी बदलला नव्हता. गरजच पडली नव्हती.

माझी थोरली बहीण, अक्का, मोहोळच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर सोलापूरला माझ्याकडेच राहायला आली आणि आल्या आल्या प्रुफं ताब्यात घेतली. छापलेला कागद तिच्या हातात, लेखकाचं हस्तलिखित माझ्यासमोर. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ती घसा ताणून वाचणार, "एक्स अधिक एक, छेद एक्स वजा दोन," आणि मी ताडून पाहणार. एखादा लेखक चुकलेला सापडला की बाईसाहेब खूश. "ह्याला माझ्या वर्गात बाकावर उभा केला असता," म्हणायची.

गेल्या वर्षी मी बाजारातून आले, तर तिनं एकटीनंच एक प्रकरण तपासून ठेवलेलं. पानापानावर लाल पेनानं लिहिलं होतं, रेघ राहिली, रेघ राहिली.

मी भडकलेच. "अक्का, थट्टा करतेस का? सगळ्या रेघा जागेवर आहेत की!"

तिनं कागद खिडकीपाशी नेला, तिरपा करून बघितला. "कुटं हाय? मला तर नुसते एकाखाली एक आकडे दिसत्यात."

अक्काचा मधुमेह डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शनं सुरू केली आणि स्पष्ट सांगितलं, आहे ते टिकवायचं बघू, गेलेलं परत येणार नाही. घरी आल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "प्रुफं दुसऱ्या कुणाला देऊ नको."

तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकाच्या दोन फाइली करू लागले. एक छपाईची, बारीक रेघेची. दुसरी अक्काची. आकडा वाढवला, रेघ दिसली, लाल पेन पुन्हा धावायला लागलं आणि मला हायसं वाटलं. अक्षरंही मोठी केली, पण फार मोठी केली की लांब सूत्र दोन ओळींत तुटायचं आणि ती चिडायची. वर्गमुळाच्या डोक्यावरची रेघ मात्र काही केल्या जाड होईना. तिची जाडी त्या चिन्हाबरोबरच ठरून येते, माझ्या आकड्याला ती जुमानत नाही. "छप्पर कुटंपर्यंत गेलंय गं?" अक्का विचारायची. छपराखाली कोण आणि बाहेर कोण, यावर तर सगळं उत्तर अवलंबून. मग मी काळ्या स्केचपेननं एकेक छप्पर गिरवून द्यायचे.

पुस्तकामागून पुस्तक आकडा वाढवत नेला. शेवटी रेघा पेपरातल्या निधनवार्तेच्या चौकटीएवढ्या जाड झाल्या. असलं पान दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पोट धरून हसले असते. हे पान छापून निघताना मला बघवत नव्हतं.

परवा नवं प्रकरण तिच्या हातात दिलं. मी हस्तलिखितावर बोट ठेवून तयार बसले. ती वाचेना. कागद जवळ घेतला, लांब धरला, मान वाकडी करून कडेनं बघितलं.

"अजून जाड करू का?" मी विचारलं.

"नको. रेघ लई चांगली दिसती की," ती म्हणाली. "वर काय अन् खाली काय, तेवढं न्हाय दिसत. ते तू वाच."

तिनं कागद माझ्याकडे सरकवला. पेन हातातच ठेवलं. मी वाचायला लागले. अंश वाचला आणि तिथंच थांबले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती समोरच बसली होती, माझ्याकडेच तोंड करून.

"गप का झालीस?" ती म्हणाली. "छेदात काय हाय?"