गोड्या पाण्याचा स्लॅब

अमरावतीच्या कॉलेजातून सिव्हिलची पदवी घेऊन बाहेर पडले आणि पहिली नोकरी लागली ती अकोल्याला, शाळा-दवाखान्यांच्या इमारती बांधणाऱ्या एका कचेरीत. तिथं ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्यांना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, साडीवर बूट घालून साइटवर फिरणाऱ्या बाई. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं नेहमी काळपट असायची. लग्नाकार्यात लोकांना वाटायचं, मेंदी बिघडली. खरं कारण त्यांच्या पर्समधल्या तपकिरी बाटलीत होतं. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असायचं. त्याचा थेंब कातडीला लागला की डाग पडतो आणि आठवडाभर जात नाही.

ती बाटली कशासाठी, हे मला पूर्णेकाठच्या एका गावात कळलं.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. वर कापसाची काळी जमीन आणि खाली खारं पाणी. बोअर मारली की पाणी लागतं, पण त्यात साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर धरतो. पिण्याचं पाणी दुरून नळयोजनेनं येतं, तेही रोज नाही. म्हणून घरोघरी प्लॅस्टिकचे निळे ड्रम भरून ठेवलेले असतात. या पट्ट्यातल्या एका गावची शाळा धोकादायक झाली होती. वर्गाच्या छताचे तुकडे बाकांवर पडायला लागले, तेव्हा मुलांना समाजमंदिरात हलवलं आणि नव्या इमारतीचं काम आमच्याकडे आलं.

इमारत फार जुनी नव्हती. गावात तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची, की ठेकेदारानं सिमेंट खाल्लं. तो ठेकेदार अंजनगाव सुर्जीचा. आता म्हातारा होऊन घरी बसला होता, पण या गावात त्याचं नाव ‘चोर’ याच अर्थानं घेतलं जायचं. त्यात योगायोग असा की नव्या शाळेचं टेंडर त्याच्याच मुलाला मिळालं. मुलगा चाळिशीचा, शांत, कमी बोलणारा. गावकऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की बापानं एक पाडली, पोरगा दुसरी पाडेल, हा ठेकेदार आम्हाला नको.

मॅडमनी वाद घातला नाही. आधी जुनी इमारत बघते म्हणाल्या. आम्ही दोघी वर्गात शिरलो. त्यांनी हातोडीनं छताखालच्या एका तुळईचं तडकलेलं काँक्रीट काढायला लावलं. आतली सळई दिसली. बोटाएवढी जाड असायला हवी होती, ती उदबत्तीएवढी उरली होती आणि भोवती गंजाचे पापुद्रे सुटत होते. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगताना भोवतालचं काँक्रीट फोडतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोक्यावर पाहिलं तेव्हा पटकन बाजूला सरकले. मॅडम मात्र तिथंच उभ्या राहून सळया मोजत होत्या. मग त्यांनी न तडकलेल्या भागातून काँक्रीटचे नमुने काढून तपासायला पाठवले.

अहवाल आल्यावर त्यांनी ग्रामसभा बोलवायला सांगितलं. सरपंच एक बाई होत्या, शेती करणाऱ्या घरातल्या, बोलायला खणखणीत. मॅडमनी समोरच्या हॉटेलातून चहाचे दोन काचेचे ग्लास मागवले. एकात गावच्या बोअरचं पाणी घेतलं, दुसऱ्यात आम्ही अकोल्याहून आणलेलं प्यायचं पाणी. दोन्ही दिसायला सारखीच स्वच्छ. मग त्यांनी बाटली काढून दोन्हींत थोडे थेंब टाकले. अकोल्याच्या पाण्यात जेमतेम धुरकट रेघ आली. बोअरच्या पाण्याचं पाहता पाहता ताक झालं. पुढं बसलेली माणसं उठून ग्लासाजवळ आली.

“हे मीठ हाय,” मॅडम म्हणाल्या. “हेच पानी कालवून तुमची शाळा बांधली. सिमेंट पुरं होतं, मी तपासलं. सळई नकाशात होती तेवढी होती, मी मोजली. ठेकेदारानं चोरी केली नाही. मिठानं आतून लोखंड खाल्लं.”

ठेकेदाराचा मुलगा मागं दाराशी उभा होता. तो तसाच बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. पुढं मला कळलं की त्यानं बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला होता.

त्याचं टेंडर राहिलं. मॅडमनी त्याला बसवून सगळं समजावून दिलं आणि मी शेजारी बसून ऐकलं. आपण सामान निवडतो म्हणजे काय करतो, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. कॉलेजात मला वाटायचं, चांगलं सिमेंट, चांगली वाळू, चांगलं लोखंड असं काही बाजारात वेगळं मिळतं. मॅडम आधी जमीन आणि पाणी विचारायच्या आणि मग त्यांना टिकेल ते मागायच्या.

काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की हात आत जातो, आणि पावसात फुगून वर येते. तिच्यावर उथळ पाया ठेवला की भिंती तिच्याबरोबर हलतात. म्हणून त्यांनी खोल खांब घेतले. बाराही महिने ओल सारखीच राहते तिथपर्यंत जाणारे, आणि खाली गाजरासारखे निमुळते होण्याऐवजी कांद्यासारखे फुगलेले. वरची तुळई जमिनीवर टेकवली नाही, खाली मोकळी जागा सोडली. माती फुगली तर त्या जागेत फुगेल. सिमेंट त्यांनी असं निवडलं की ज्यात पोलाद-कारखान्यातली बारीक दळलेली मळी, म्हणजे स्लॅग, असते. त्यातून मीठ आत शिरायला फार वेळ लागतो. ते सावकाश घट्ट होतं, त्यामुळे खालून आधार देणाऱ्या सेंटरिंगच्या फळ्या जास्त दिवस अडकून पडतात. त्या मुलानं, आता तोच आमचा ठेकेदार, तेवढी एक कुरकुर केली. वाळू पूर्णेची नको, दुसरीकडची, तीही धुऊन. आणि पाणी अंजनगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शेतातल्या विहिरीचं, टँकरनं आणायचं.

टँकर आला की मॅडम किंवा मी ग्लासात पाणी काढून थेंब टाकायचो. मजुरांना ते इतकं सवयीचं झालं की टँकरवाला स्वतःच ग्लास विसळून द्यायचा.

स्लॅब टाकायचा दिवस जूनमध्ये आला. आभाळ भरून येत होतं पण पाऊस अजून लागला नव्हता. तो लागला की गावच्या रस्त्याचा चिखल होतो आणि गाडी आठवडे आत येत नाही, म्हणून सगळ्यांना त्या दिवशीच काम उरकायचं होतं. परतवाड्याहून मजुरांची टोळी आली होती. मिक्सर लागला होता. स्लॅब टाकायचा म्हणून शाळेच्या आवारात वरण-भात आणि भाजीचा स्वयंपाक सुरू होता.

टँकर आला. मी ग्लास धरला, मॅडमनी थेंब टाकले, आणि पाणी पांढरं झालं.

टँकरवाला खरं तेच बोलला. विहिरीवर पहाटेपासून लाइट नव्हती, मोटर चालत नव्हती, म्हणून त्यानं वाटेतल्या दुसऱ्या विहिरीतून टाकी भरली होती. चव बरी लागली म्हणे. लाइट कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनी मिक्सर बंद करायला सांगितला. टोळीचा मुकादम चिडला. उद्या आपल्याला दुसरीकडं जायचं आहे, मग आठवडाभर येता येणार नाही, असं त्यानं बजावलं. दोघा-चौघांनी मॅडमना समजावून पाहिलं की खालचं सगळं गोड्या पाण्यात झालंय, एका टँकरानं काय होतं. मलाही आतून तसंच वाटत होतं. मी सारखी आभाळाकडे बघत होते.

मॅडम काही बोलायच्या आत ठेकेदार पुढं झाला. त्याचंच सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं.

“नाही टाकत,” तो म्हणाला. “माह्या अब्बानं तेवा नकळत टाकलं. मले तं माहीत हाय.”

मग मुकादमानंही हट्ट सोडला. सेंटरिंगच्या सावलीत सगळे नुसते बसून राहिले. तिकडं भात शिजला होता आणि जेवायला कुणी उठत नव्हतं. तेवढ्यात सरपंचबाई आल्या. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं आणि स्लॅबला पाणी लागतं किती ते विचारलं. मॅडमनी हिशेब करून सांगितलं की कालवायला फार लागत नाही, पाच-सहा ड्रम पुरतील. जास्त पाणी नंतर लागतं, ओलं ठेवायला, आणि ते उद्यापासून.

“तं मंग घरोघरी प्यायचं पानी हाय न,” सरपंचबाई म्हणाल्या. “ते चालते का?”

मॅडमना ते लगेच घेववेना. चालेल म्हणाल्या, पण नळ पुन्हा कधी येणार ते विचारलं. अजून तीन-चार दिवस होते. बिनपाण्याचं गाव ठेवून मी शाळा बांधणार नाही, असं त्या म्हणाल्या. सरपंचबाईंनी मधला मार्ग काढला. एका घरानं सगळं द्यायचं नाही, प्रत्येकानं घागर-दोन घागरी द्यायच्या, आणि उद्या पहिला टँकर येईल तो आधी गावात फिरवून ज्याचं त्याला भरून द्यायचं. ठेकेदारानं ते तिथल्या तिथं कबूल केलं.

मग गाव आलं. बाया डोक्यावर हंडे घेऊन, माणसं सायकलला कॅन अडकवून, एका घरचा अख्खा ड्रम बैलगाडीवर. मॅडम मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसल्या आणि प्रत्येक भांड्यातलं पाणी तपासूनच पुढं जाऊ दिलं. कुणाला त्यात अपमान वाटला नाही. उलट आपल्या हंड्याचं पाणी स्वच्छ राहिलं की बाया एकमेकींकडे बघून हसत होत्या.

त्यात गावाच्या टोकाला राहणाऱ्या एक आजी आल्या. कळशी कमरेवर, चालताना धाप लागलेली. मॅडमनी थेंब टाकले आणि ग्लासात ताक झालं. आजींचा चेहरा उतरला. आपण काही चूक केली असं त्यांना वाटलं असावं.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांनी आजींना तिथं बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “आजी, तुमी हेच पिता?”

“मंग काय पिईन?” आजी म्हणाल्या. “आमच्या गल्लीत नळ नाही आला. हातपंपाचं हाय.”

सरपंचबाई शेजारीच होत्या. त्या गल्लीत पाइप टाकायचं काम कधीचं राहून गेलं होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मॅडमनी तो पांढरा ग्लास फेकून न देता सरपंचबाईंच्या हातात दिला. आजींची कळशी आम्ही परत पाठवली नाही. मजुरांनी त्याच पाण्यानं हातपाय धुतले. जाताना सरपंचबाईंनी आपल्या घरचं गोडं पाणी त्या कळशीत भरून दिलं.

दुपारनंतर मिक्सर सुरू झाला आणि दिवस मावळायच्या आत स्लॅब टाकून झाला. मॅडम शेवटपर्यंत वर उभ्या होत्या. सळया खालच्या फळीला टेकू नयेत म्हणून ठेवलेले सिमेंटचे ठोकळे कुणाच्या पायानं हलले की त्या वाकून स्वतः नीट लावत. नंतर सगळ्यांनी गार झालेला भात खाल्ला. मॅडम बायांच्या पंगतीत, आजींच्या शेजारी बसल्या होत्या.

लाइट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पहिला टँकर गावात फिरला, दुसरा स्लॅबवर गेला. तिसऱ्या रात्री पाऊस लागला तेव्हा ओला ठेवायला स्लॅबवर पाण्याचं तळं केलेलंच होतं आणि आम्हाला त्याची काही चिंता नव्हती. त्या टोकाच्या गल्लीत पाइप टाकला गेला तो हिवाळ्यात. सरपंचबाईंनी त्यासाठी किती खेटे घातले ते मी पाहिलं, कारण अकोल्यात आल्या की त्या आमच्या कचेरीत चहाला यायच्या.

शाळा सुरू झाल्यावर एकदा ठेकेदार वडिलांना ऑटोत बसवून घेऊन आला. मी तिथं होते. म्हातारे काठी टेकत एकेका वर्गातून फिरले, खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. बाहेर पारावर बसलेल्या माणसांनी त्यांना ओळखलं. त्यातल्या एकानं उठून जागा दिली आणि चहा सांगितला. कुणी माफी वगैरे मागितली नाही. पाऊसपाण्याचं आणि कपाशीचं बोलणं झालं, आणि संध्याकाळपर्यंत म्हातारे तिथून हलले नाहीत.

आता मॅडम निवृत्त होऊन अकोल्यातच राहतात आणि मी अमरावतीला आहे. खारपाणपट्ट्यातली कामं माझ्याकडे येतात. मलाही आधी जमीन आणि पाणी विचारायची सवय लागली आहे, आणि कागदावर चांगलं दिसणारं सामान नाकारताना समोरच्याचा त्रागा सहन करायचीही. ते मला अजून त्यांच्याइतकं शांतपणे जमत नाही. मी लवकर आवाज चढवते.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या शाळेची तपासणी माझ्याकडे होती. छताखालून हातोडीनं ठोकत गेले तर सगळीकडे भरीव आवाज आला. भिंतीला एकही तडा नव्हता. पावसाच्या पाइपाजवळ थोडी ओल होती, ती दुरुस्त करायला सांगितली. मुख्याध्यापिकेनं विचारलं की मुलं वाढली आहेत, वर आणखी वर्ग बांधता येतील का. मी जुने नकाशे काढले. मॅडमनी खांब आणि पाया एका मजल्यासाठी धरलेच नव्हते, दोन मजल्यांसाठी धरले होते. कुणी मागितलं नसताना. मी त्यांना फोन करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, गावात पोरं वाढणारच होती न.

दिवाळीनंतर वरच्या वर्गांचं काम सुरू होईल.