शेअरिंगच्या संध्याकाळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आताही लिहिताना मधेच थांबून मागे बघतेय — खोलीत कुणी नाही हे माहीत असूनही.

परवा मावसबहिणीनं विचारलं, "तू तो आत्मविश्वासाचा सेमिनार केला होतास ना? एवढी फी भरण्यासारखं असतं का गं त्यात काही?" मी म्हटलं, "बरा असतो." दुसरं काय सांगणार होते?

मी पहिल्यापासून बुजरी. शिकले इंग्रजी शाळेत. मराठी बोलताना अडखळते, इंग्रजी बोलताना घाबरते — म्हणजे एकूण गप्पच. चार माणसांत बोलायची वेळ आली की छाती धडधडायची, हात गार पडायचे. त्यासाठी डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी बरं वाटत होतं, तरी मी नवीन पनवेलच्या त्या हॉलमध्ये नाव घातलं. गोळी घेऊन धीट होणं मला खरं वाटत नसे.

तिथे शेवटच्या संध्याकाळी 'शेअरिंग' असायचं. प्रत्येकानं ओळखीचं एक माणूस आणायचं आणि त्याच्यादेखत स्टेजवर जाऊन आपण किती बदललो ते सांगायचं. ऐकणाऱ्यांतलेच मग पुढच्या बॅचला येत. मी दर्शनाला नेलं.

दर्शना माझ्या ऑफिसातली, करंजा बंदरावरच्या कोळीवाड्यातली. वडिलांची होडी, आई मासळी विकते. मला 'कॉन्व्हेंट' म्हणून चिडवायची — आणि माझ्याशी आपणहून बोलणारी ती एकटीच. लहानपणी तिला फिट यायची. रोजच्या गोळ्यांमुळे कित्येक वर्षं आली नव्हती. ऑफिसात हे फक्त मला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं.

स्टेजमागे सेमिनार घेणाऱ्या सरांनी माझं बोलणं आधी ऐकून घेतलं. "आधी लाजायचे, आता कमी लाजते — हे कोण ऐकणार? आधी अंधार दाखव, मग उजेड."

अंधार मला शोधावा लागला नाही. माइक हातात घेतला आणि म्हणाले — मी गोळ्या घ्यायचे. इथे आल्यावर सोडल्या. आता मला त्यांची गरज नाही.

त्या दिवशी सकाळीही मी गोळी घेतली होती.

नेहमीसारखी अडखळत बोलले, आणि त्या अडखळण्यामुळेच लोकांना ते अस्सल वाटलं असावं. टाळ्या थांबेनात. सरांनी सांगितलं म्हणून खोटं बोलले असं म्हणता येईल. पण टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला छान वाटत होतं — ते कुणी सांगितलं होतं?

खाली सामोशाची प्लेट धरून दर्शना उभी होती. डोळे भरलेले. "कॉन्व्हेंट, लय भारी निगालीस तू! तुला जमलं, मंग मला का नाय जमनार? घरी लग्नाचं बगतान. गोल्यांचं पोराकडच्यांना सांगायचं का लपवायचं, म्हनून आये रोज रडते."

एकच वाक्य पुरलं असतं. मी अजून घेते. पण सर शेजारीच होते — आणि मी नुसती हसले.

काही आठवड्यांनी डबा खाताना ती कानाशी आली. "बंद केल्या. बग, काय झालं का मला?"

त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघत राहिले. पाण्याचा ग्लास उचलणाऱ्या तिच्या हाताकडे, बोलताना मधेच थांबली तर तिच्या डोळ्यांकडे. काहीतरी येतंय हे मला कळत होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. ती मजेत गुणगुणत असायची आणि मी बघत असायचे. त्याला काळजी म्हणायचं?

एका सकाळी मासळीचा लिलाव चालू असताना ती आईला बोलवायला बंदरावर गेली, आणि पायऱ्यांवरच तिला फिट आली. डोकं दगडावर आपटून ती पाण्यात पडली. खलाशांनी बाहेर काढलं. ती जगली. आता खिडकीपाशी बसवली की बसून राहते. आईला ओळखते. मला नाही.

मी भेटायला गेले तेव्हा तिच्या आईनं माझा हात धरला. "तू तिची जवलची. गोल्या कशाला सोडल्यान तिनं? तुला काय बोलली होती का गो?"

"नाही, काकू."

आवाज जराही कापला नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून, सावकाश, स्पष्ट बोलायचं — ते मी त्या हॉलमध्ये शिकले होते.

काकूंनी हात सोडला. स्वतःशीच म्हणाल्या, "मंग माजंच चुकलं. मीच लक्ष नाय ठेवलं पोरीवर."

त्यांनी चहा आणून दिला. मी तो प्यायले, कप ठेवला आणि निघाले.