विहिरीच्या मोटरची वायर

आमच्या घरातलं गाणं बिघडलंय, असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं. गाणं ठणठणीत होतं. बिघडले होते ह्यांचे कान, पण ते ह्यांना सांगायची सोय नव्हती.

हे जळगावला एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांमध्ये उभं राहून बोलायचं म्हणजे समोरच्याच्या कानात तोंड घालावं लागतं. तिथं ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. घरी आले की मात्र गाणं हवं. अॅम्प्लिफायर ह्यांनी स्वतः जोडलेला, स्पीकरची खोकी सागवानी, तीही स्वतः ठोकलेली. प्रत्येक खोक्यात दोन स्पीकर: ढोलक्यासारख्या जाड आवाजांसाठी मोठा आणि टाळ-घुंगरांसाठी एक छोटा, वाटीएवढा. दोघांना वायरी वेगळ्या. मला हे सगळं कसं माहीत, असं विचारू नका. त्या खोक्यांवरची धूळ मीच पुसत होते.

तर त्या वाटीतून येणारं टाळ-घुंगरू ह्यांना ऐकू येईनासं झालं. कुकरच्या शेजारी उभं राहून विचारायचे, "शिट्टी झाली का?" मी म्हणायचे, "तीन झाल्या." म्हणायचे, "कुकरचं रबर बदलायला झालंय." आमच्या घरातलं रबर चांगलं, घुंगरू चांगलं, कान तर त्याहून चांगले. वाईट काय? तर वायर.

मी डॉक्टरचं नाव काढलं की पालथ्या घड्यावर पाणी. आणि मला कुकरची नाही, रुळांची काळजी होती. जिनिंगला जायची ह्यांची वाट रेल्वेच्या रुळांवरून होती. अर्धं गाव तिथूनच ओलांडायचं, पण अर्ध्या गावाला इंजिनाची शिट्टी ऐकू येत होती. एकदा तिथल्या गँगमननं ह्यांची कॉलर धरून मागं ओढलं. मागून गाडी धडधडत गेली. हे घरी येऊन मला सांगतात, "रेल्वेची माणसं फार उद्धट झालीत." त्या दिवसापासून हे घरी येईपर्यंत मी दारातच उभी राहायला लागले.

दर रविवारी धुळ्याहून एस.टी.नं ह्यांचे शाळेपासूनचे मित्र यायचे. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, म्हणून आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. गल्लीतले आणखी दोन-तीन रिकामटेकडे जमायचे आणि वायरीवर चर्चा बसायची. एकाचं म्हणणं, नवी वायर आठवडाभर उन्हात तापवल्याशिवाय मोकळी होत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, वायरीवर अक्षरं छापलेली असतात ती ज्या बाजूनं वाचता येतात त्याच बाजूनं आवाज चालतो, उलटी लावली की अडखळतो. सर म्हणायचे, "तांबं म्हणजे तांबं. एवढ्याशा खोलीत वायरीनं काडीचा फरक पडत नाही." की हे उसळायचे. सर आयुष्यात कुणाशी हरले नव्हते. स्वतःच्या सासऱ्याशीही लग्नाच्या मांडवात वाद घालून जिंकले होते, आणि तो संसार अजून त्याची फळं भोगतोय.

मग ह्यांनी ती वायर आणली. ह्यांचं गाव सोनगीरजवळ. तिथं शेतात ह्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे आमच्या आबांच्या, विहिरीत पाणबुडी मोटर होती. तिच्यासाठी आणलेल्या चपट्या, तीन पदरी, जाडजूड वायरीचा उरलेला तुकडा हे उचलून घेऊन आले. कारण सरळ होतं. बारीक वायरवर मोटर ओढते, गुरगुरते आणि जळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मोटरला जे लागू, ते गाण्याला का नाही? सरांनी डोकं आपटलं, पण खानदेशात ह्या मुद्द्यावर त्यांच्या बाजूला एक माणूस मिळेना. आबांनी तर निकालच दिला, "बारीक वायरवर मोटर जळस. मंग गाणंबी जळस!"

दोन पदर जोडले, तिसरा उरला. त्याचं काय करायचं ह्यावर एक अख्खा रविवार गेला. शेवटी सर म्हणाले, "त्यातून पाणी सोड." हे पुढचा रविवारभर बोलले नाहीत.

वायर लावली तरी घुंगरू काही परत येईना. पण हे म्हणायचे, "आता कसं मोकळं वाटतं!" मी पाहिलं, मोकळं वाटतं म्हणताना हे आवाजाचं बटण आणखी पिळत होते.

शेवटी त्या थंडीत आबांच्या शेतावर भरीत पार्टी ठरली आणि ह्यांनी सरांना आव्हान दिलं. मधे पडदा बांधायचा, मागं बसून सरांनी वायर बदलायची, ह्यांनी नुसतं ऐकून जाड की बारीक ते ओळखायचं. मला आनंद झाला. मनात म्हटलं, आता चारचौघांत तोंडघशी पडले की तरी मुकाट डॉक्टरकडे येतील. सरांना मी सोनगीर फाट्यावरच गाठून सांगितलं, "सर, ह्यांना हरवा हो. अजिबात दयामाया करू नका." सर म्हणाले, "वहिनी, मला ते कधी जमलंय का?"

खोकी, अॅम्प्लिफायर आणि टेप फाट्यावरून शेतापर्यंत बैलगाडीतून आले. मोटरच्या खोलीतून लाइट घेतली. कडुनिंबाला दोर बांधून आबांची चादर टांगली. मी कडेला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत बसले होते, तिथून चादरीच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. बाकी मंडळी मिरच्या किती घालायच्या ह्यावर हमरीतुमरीवर आली होती. भरीत म्हटलं की वायरीकडे कोण बघतं?

सरांनी आधी फक्त छोटा स्पीकर जोडला आणि कॅसेट सुरू केली. त्या वाटीतून टाळांची किणकिण सुरू झाली, स्वच्छ, माझ्यापर्यंत येत होती. हे खोक्यापासून हातभर अंतरावर बसले होते, मान तिरकी करून, सगळा जीव कानात आणून. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "अरे, लाव की लवकर! घाबरलास का?"

सरांचा हात तसाच थांबला. त्यांनी चादरीच्या कडेनं माझ्याकडे पाहिलं. ह्यांना काहीच ऐकू येत नाही, अशी मी मान हलवली. जाळावरचं वांगं करपलं.

मग सरांनी मोठा स्पीकर जोडला, घरातल्या साध्या बारीक वायरीनं. विचारलं, "आता कोणती?"

"जाड!" हे म्हणाले.

"बरोबर," सर म्हणाले.

पुन्हा विचारलं. हे म्हणाले, बारीक. बरोबर. पुन्हा जाड. बरोबर. विहिरीची वायर सरांच्या पायाशी वेटोळं घालून पडली होती. तिला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. शेवटी चादरीबाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी हरलो. वायरीनं फरक पडतो."

आबांनी मांडीवर थाप मारली. "मी काय सांगेल व्हतं!"

माझा असा संताप झाला की काय सांगू. पंगतीत मी सरांच्या पानात करपलेलं वांगं वाढलं. त्यांनी ते निमूट खाल्लं, वर मागूनही घेतलं.

उन्हं कलल्यावर आम्ही दोघं सोनगीर फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभे होतो. खोकी पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवलेली. जिंकलेला माणूस बोलेल, फुशारक्या मारेल, असं मला वाटत होतं. हायवेवरून ट्रक जात होते, हे नुसते त्यांच्याकडे बघत होते.

मग म्हणाले, "सर हरला."

"हो," मी जरा मोठ्यानं म्हटलं.

"सर कधी हरतो का गं?"

मी खोक्यावरच्या पोत्याची गाठ आवळायला लागले.

"सासऱ्याला सोडलं नाही त्यानं. मला कशाला सोडेल?" हे अजून ट्रककडेच बघत होते. "त्या रुळावर गाडी शिट्टी देते का?"

"देते."

"जोरात?"

"आपल्या घरी ऐकू येते," मी म्हटलं, आणि मला तिथं रस्त्यावरच रडू आलं. ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. म्हणाले, "उद्या कुठे जायचं ते विचारून ठेव."

डॉक्टरनं यंत्र दिलं. खिशात ठेवायची काड्यापेटीहून मोठी डबी, आणि तिथून कानापर्यंत जाणारी वायर. वायर केसाएवढी बारीक. ह्यांनी ती बोटांत धरून उजेडात पाहिली, डॉक्टरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हिच्यात जाड मिळत नाही का?"

घरी आल्यावर पहिलं वाक्य मला ऐकवलं, "तू एवढी ओरडून का बोलतेस?" मी म्हटलं, "सवय लागली." कुकरच्या शिट्टीला दचकले. कुकरचं रबर चांगलं आहे, हे त्या दिवशी मान्य झालं.

रविवारी सर आले. माझ्याकडे न बघता खुर्चीवर टेकले. ह्यांनी शर्टाच्या खिशातली डबी नीट केली आणि विचारलं, "खरं सांग. शेतावर कोणती वायर होती?"

"बारीक," सर म्हणाले.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

हे उठले, कपाटामागून विहिरीची वायर काढली आणि सरांच्या मांडीवर टाकली. "मग आता लाव. आता मी खरा ओळखतो."

"काही फरक पडत नाही," सर म्हणाले. "तांबं म्हणजे तांबं."

"आणि तिसरा पदर?"

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर दोघांची चांगलीच जुंपली होती, तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला नीट ऐकायला दाराशी येऊन उभं राहावं लागलं. दोघं हळू आवाजात भांडत होते.