गोधडीचे सुटलेले दोरे

अंबडच्या एका कंपनीत माझं काम दोष शोधण्याचं. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, कडेला कुठे बारीक कुस, म्हणजे धातूची टोचरी धार, राहिली असेल तर तो बाजूला काढायचा. ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही. बायको म्हणते, तुम्ही पोळीसुद्धा उजेडात धरून बघता. ती थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली, नात झाली, आणि मला कंपनीत दुपारची पाळी असल्यामुळे सकाळची धुणी माझ्याकडे लागली. बाळाची आंघोळ, शेकशेगडी, डिंकाचे लाडू यातून बायकोला मान वर करायला सवड नव्हती. माझीही ना नव्हती. मला एरवीही नुसतं बसवत नाही. पण त्या धुण्यातल्या एका लहानशा गोधडीनं माझा जीव खाल्ला.

गोधडी माझ्या आईनं शिवली होती. आई आमच्याजवळच असते, मूळची लासलगावकडची. माझ्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं तशी ती गॅलरीतल्या उन्हात पाय पसरून टाके घालायला बसली. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, जुनेरच हवं, असं तिचं ठाम मत. म्हणून तिनं आपली नेसून नेसून मऊ झालेली दोन लुगडी घेतली, कापली नाहीत, घड्या घालून एकावर एक अंथरली. मध्ये भर म्हणून माझे जुने बनियन घातले. मला न विचारता. त्यातला एखादा अजून चालला असता.

पहिल्या धुण्यानंतर मशीनची जाळी उघडली तर आत करड्या सुताचा मोठा बोळा. हे माझे बनियन, असं म्हणून मी हसलोसुद्धा. जुनं कापड चार धुण्यांत तूस सोडतंच. मग गोधडी झटकली आणि हसू गेलं. चारी बाजूंनी पांढरे दोरे लोंबत होते. आमच्या घरात आईच्या हातच्या कितीतरी गोधड्या आहेत. त्यांचं कापड विरलं, पण टाका कधी हलला नाही.

मी कोणाला काही बोललो नाही. पुढच्या वेळी गोधडी मशीनला लावलीच नाही. थंड पाण्यात भिजवली, ब्रश न लावता हातानं दाबून धुतली, न पिळता गच्चीवर वाळत टाकली आणि वाळल्यावर छोटी कात्री घेऊन दोरे कापत बसलो. आज एक कापला की उद्या त्याच्या शेजारी दुसरा डोकं वर काढी. एकदा माझा संयम सुटला आणि मी एक दोरा सरळ ओढला. तो येतच राहिला, अख्खी ओळ गोळा झाली आणि कापडाला चुण्या पडल्या. मला भयंकर राग आला. आधी दोऱ्याचा, मग मशीनचा, मग आईचा.

तेव्हा कुठे मी ते टाके कंपनीत बघतो तसे बघितले. लांब लांब, वेडेवाकडे. काही ठिकाणी सुई वरच्याच कापडातून गेली होती, खालचा थर धरलाच नव्हता. ओळ संपली तिथे गाठ नव्हती. असा माल आला असता तर मी सगळाच्या सगळा परत पाठवला असता. आणि मग एकेक गोष्ट आठवू लागली. आई हल्ली सुई ओवायला माझ्या बायकोला हाक मारायची. कप ठेवण्याआधी हातानं टेबल चाचपायची. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. दुसऱ्या डोळ्याचं विचारलं की म्हणायची, "मला दिसतं की चांगलं. तू तुझं बघ." मी माझं बघत राहिलो होतो.

त्याच सुमारास मुलीनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बाळाच्या पायाच्या बोटाला कपड्यातला धागा गुंडाळला गेला होता. बोट सुजून जांभळं पडलं होतं.

"पप्पा, आजीची गोधडी आपण आठवण म्हणून कपाटात ठेवू," मुलगी म्हणाली. "पण आजीला तुम्ही सांगा. तुमची आई आहे."

"बघतो," मी म्हणालो.

पुढे रोज मी तेच म्हणत होतो, आणि गोधडी बाळाखालीच होती. बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आई आधी गोधडी दाखवायची, मग बाळ. ती काढून घेतली की तिचा दिवस कशावर जाणार होता? सांगायचं म्हणून मी तिच्यापुढे जाऊन उभा राहायचो आणि चहा घेतेस का विचारून परत यायचो. आणि बाळानं जरा हूं केलं की धावत जाऊन नातीचे पाय उघडून बोटं बघायचो. बायको वैतागली. "झोपू द्या की तिला. तुमच्यामुळेच उठते ती."

एका दुपारी मी कामावर निघण्याच्या तयारीत असताना बाळ रडायला लागलं. दूध घेईना, खांद्यावर राहीना. बायको म्हणाली पोट दुखत असेल, ओवा शेका. मी मात्र बाळाचे पाय उघडले. करंगळीला पांढरा दोरा, दोन वेढे, बोट लालबुंद. दोरा इतका रुतला होता की माझ्या जाड बोटांना त्याचं टोक सापडेना. मुलीनंच नखाच्या कात्रीनं जपून कापला. हळूहळू बोटाचा रंग परत आला आणि बाळ हुंदके देत शांत झालं. मग मुलीचा बांध फुटला. "आता ही गोधडी नको म्हणजे नको! आजीला वाईट वाटो नाहीतर काही!"

आई दारातच उभी होती.

"मशीनमुळे झालं, आई," मी घाईघाईनं म्हणालो. "मशीनच खराब आहे आपलं."

आई पुढे आली, बाळाचा पाय डोळ्यांशी अगदी जवळ नेला, मग बोटानं ती करंगळी चाचपली. गोधडी उचलली आणि गॅलरीत गेली. मला पाळीची वेळ गाठायची होती, मी निघालो. त्या दिवशी कंपनीत एकही भाग मला धड दिसला नाही. हातातला भाग पुन्हा पुन्हा फिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुण्याच्या बादलीत दोन लुगडी होती, सुटी, लांबलचक. शेजारी माझे बनियन आणि दोऱ्यांचा गुंता.

"समदा दोरा काढला," आई म्हणाली. "आता धू. काय निघायचं नाय."

"तुला दिसलं कसं?"

"उसवायला कशाला दिसाया पाहिजे? वढलं का येतंय." मग म्हणाली, "तुझं मशीन खराब नाय, बाळा. मला दिसत नाय. ह्या डोळ्यानंबी आता नुसतं धुकं दिसतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सुई काढून घेतली असती ना तुम्ही."

घेतलीच असती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. ती म्हणाली, "सुईदोरा दिलाय तुझ्या पोरीजवळ ठेवाया. लेकराच्या घरात नको इकडंतिकडं."

लुगडी धुऊन मी गच्चीवर नेली. एवढं लांब कापड एकट्याला पिळता येत नाही, म्हणून तीही कठड्याला धरत धरत वर आली. एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. कापडभर सुईच्या भोकांच्या ओळी दिसत होत्या. आम्ही उलटसुलट पीळ देऊ लागलो, पाणी खाली गेलं, आणि त्यात खरंच एकही दोरा नव्हता.

"हे कोणतं रे?" आईनं विचारलं. "हिरवं का?"

लुगडं आम्हा दोघांच्या हातांमध्ये भर उन्हात ताणलेलं होतं. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही आई," मी म्हणालो. "चॉकलेटी."

"असं होय," ती म्हणाली, आणि आपल्या टोकाला आणखी एक पीळ दिला.