आत्याबाईंना सांगितलेला देश

नात पुढच्या महिन्यात इटलीला निघाली आहे. सहलवाल्यांनी दिलेली एक गुळगुळीत पुस्तिका चार दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून आहे. उघडली की कोऱ्या कागदाचा, ओल्या शाईचा वास येतो. आत त्या देशाची ओळख करून दिली आहे. भूगोल एक पान, इतिहास दीड पान, राज्यकारभार चार ओळी, आणि उरलेली सगळी संस्कृती, म्हणजे खाणं. वाचून मला हसूच आलं. याच देशाची ओळख मी एकदा ऐकली होती, आमच्या सोप्यात, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता, आणि सांगणाऱ्याला घाम फुटला होता.

सेहेचाळीस सालची गोष्ट. मी वाईची, सातवी पास, भूगोलात नेहमी पहिली. लग्न होऊन कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठच्या एका गावात आले होते. लग्नाची हळद उतरायच्या आत हे पलटणीबरोबर गेले ते लढाई संपल्यावरच घरी आले. शेजारच्या आत्याबाईंचा एकुलता एक मुलगा ह्यांच्याच पलटणीत होता, तो आला नाही. सरकारी कागद आला होता, त्यात तो लढाईत कामी आला एवढंच होतं. कुठं, ते कळलं कऱ्हाडच्या बाजारात, पाय गमावून परत आलेल्या एका जवानाकडून. तो म्हणाला, सांग्रोच्या काठावर पडला. आत्याबाईंनी ऐकलं, सांगलीच्या काठावर.

त्यांना वेड्यात काढू नका. सांगलीला नदी आहे, शेजारी मिरजेला मोठा दवाखाना आहे. जखमी पोराला बोटीनं, मग आगगाडीनं मिरजेला आणला असेल आणि तो कृष्णेच्या काठी गेला असेल, हे सगळ्या गावाला पटलं. सांग्रो नावाचं काही जगात असतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं? पण त्या एका शब्दानं बाईच्या जिवाची लाही लाही झाली. सकाळी गाडी जुंपली तर दिवेलागणीला सांगली येते. इतक्या जवळ लेकरू येऊन गेलं आणि मला तोंड बघायला कुणी बोलावलं नाही, हा एकच घोष. सांगलीचं नाव काढू देत नसत. सांगलीच्या पेठेतली हळदसुद्धा घरात येऊ दिली नाही त्यांनी. आमटी पांढरीफटक व्हायची, तशीच खायच्या. आणि तरीही रोज सकाळी घाटावर जाऊन कण्हेरीचं एक फूल पाण्यात सोडायच्या. पाणी खाली सांगलीलाच जातं ना.

ह्यांना मी हे सांगितलं तेव्हा मला खरं कळलं, सांग्रो ही इटलीतली नदी. पलटणीनं ती ओलांडली तेव्हा हेही तिथंच होते. मी म्हटलं, राहू द्या आता, त्यांना सांगू नका. फूल पोचतंय एवढ्यावर जगताहेत त्या, तेही काढून घेणार का? ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. "अन् त्यो राग? बोलवलं न्हाई म्हून जळत्यात, त्येचं काय?" मी कळशी उचलली आणि पाण्याला निघून गेले.

दोन दिवसांनी दुपारी आत्याबाई शेंगा फोडायला आल्या. ह्यांनी एकदम सांगितलं नाही. हे त्यांना काकी म्हणायचे. आडून आडून देशच सांगायला घेतला. तो मुलूख पायातल्या बुटासारखा लांबोळा हाय, काकी, तिन्ही अंगांनी समुद्र, मधनं डोंगराची रांग. त्या डोंगरातनं एक नदी निघती अन् उगवतीला जाती.

"आपली किष्णाबी उगवतीलाच जाती की," आत्याबाई म्हणाल्या. शेंगा फोडणं चालूच.

कोण्या एके काळी त्यांच्या बादशहाचं राज्य अर्ध्या जगावर हुतं, हे म्हणाले, अन् आता घरावर छप्पर न्हाई. अलीकडं राजा हुता, त्यालाबी परवा लोकांनी मतं टाकून घरी बसवला.

"सांगलीलाबी राजा हाय." बाई हटेनात. मला तर वाटलं, त्यांना कुठंतरी कळलं होतं, म्हणूनच सांगली हातातून सोडत नव्हत्या.

मग चालीरीती निघाल्या. गावोगावी वाटेवर देवाच्या आईची मूर्त, मांडीवर लेकरू. बायकांच्या डोईवर काळा रुमाल. घरोघरी शेवया. अशाच एका म्हातारीनं ह्यांना शेवयांचं ताट दिलं होतं आणि समोर बसून रडली होती. तिचाही मुलगा गेला होता, दुसऱ्या बाजूनं लढताना. यावर आत्याबाईंनी नुसती पुढची शेंग उचलली.

"लय गारठा, काकी. डोंगरावर बर्फ पडलं हुतं. आमी नदीत उतरलो तवा पाय असून नसल्यावानी."

आत्याबाईंचे हात थांबले. बर्फ त्यांनी जत्रेत, सरबताच्या गाडीवर पाहिलं होतं. सांगलीला बर्फ पडत नाही.

"तितं गेला व्हय त्यो?"

"व्हय. त्या नदीचं नाव सांग्रो."

"अग्नी दिला का?"

"दिला. लाकडं न्हवती, पडक्या घरांची दारं काढून आणली. मी हुतो तितं."

"लांब हाय?"

"आगबोटीत पंधरा-वीस दिस. मग आगगाडी."

आत्याबाईंनी मांडीवरची टरफलं झाडली. मला वाटलं आता हंबरडा फोडतील, मी पाण्याचा तांब्या हाताशी घेऊन बसले होते. त्या म्हणाल्या, "मग मला कोन कसं बोलवनार हुतं." आणि मग रडल्या, पण ते रडणं निराळं होतं. आत अडकलेलं काहीतरी सुटून आल्यासारखं.

पुढच्या बाजाराला त्यांनी ह्यांच्याकडून सांगलीची शेरभर हळद आणवली. घाटावर फूल सोडणं मात्र मरेपर्यंत चालू राहिलं. मी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाल्या, आगं, सगळं पानी शेवटी समुद्रालाच जातंय न्हवं? माझ्या भूगोलात हे असं शिकवलेलं नव्हतं, पण चूकही काढता येईना.

आता हे नाहीत, आत्याबाई तर कधीच गेल्या. काल पुस्तिकेतल्या नकाशावर मी ती नदी शोधली. शहरं आहेत, देवळं आहेत, खाण्याची ठिकाणं आहेत, नदी नाही. अंदाजानं एक रेघ ओढली, डोंगरापासून उगवतीच्या समुद्रापर्यंत, आणि पेन्सिलीनं शेजारी नाव लिहिलं, सांग्रो. अक्षर हल्ली धड येत नाही. सकाळी नातीनं पान उघडलं आणि हसायला लागली.

"आजी, इथं सांगली का लिहिलंस?"

"सांगली नाही ती," मी म्हटलं. "लांब आहे."